स्मारकासाठी पाडलेला वाडा

४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पोलीस बंदोबस्तात भिडे वाडा पाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन अभिनंदनाच्या मेसेजेसनी भरून गेला. पाठवणारे सगळे माझेच मित्र. सावित्रीबाईंच्या जयंतीला त्या वाड्यासमोर माझ्याबरोबर ज्यांनी घोषणा दिल्या, तेच. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. ते आता देते.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती या वाड्यात, बुधवार पेठेत, आजच्या दगडूशेठ गणपतीसमोर. तिथं स्मारक व्हावं याला माझा विरोध कधीच नव्हता, आजही नाही. पण ज्या वास्तूचं स्मारक करायचं तीच आपण भुईसपाट केली आणि वर त्याला वारसा जपणं म्हणतो, हे मला गिळता येत नाही.

“तिथं उरलं होतंच काय?” हा प्रश्न हमखास येतो. वाडा मोडकळीला आला होता, हे खरं आहे. तो रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पडू द्यावा असं मी म्हणणार नाही. पण वाडा मोडकळीला येतो म्हणजे नक्की काय होतं? मी जुन्या इमारतींची मोजणी आणि नोंदी करण्याचं काम करते. त्यामुळे हे मरण मी जवळून पाहिलंय.

पेठांमधले जुने वाडे लाकडी सांगाड्यावर उभे असतात. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, मधे विटांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. एक कौल फुटतं. पाणी तुळईच्या भिंतीत बसवलेल्या टोकापर्यंत झिरपतं. कौल बदलायचं कुणी? १९४७च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. तेवढ्या पैशात मालकाला छप्पर शाकारणं परवडत नाही. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मालकांना ते शाकारायचंही नसतं. वाडा पडला की जागा मोकळी होते. मग भाडेकरू आपल्या खोलीपुरतं सिमेंट थापतो. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर निघून जाते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. तुळईचं टोक आतल्या आत कुजत राहतं आणि बाहेरून भिंत छान गुळगुळीत दिसते. एका पावसाळ्यात मजला खचतो आणि दारावर नोटीस चिकटते: धोकादायक इमारत.

बातमीत याला ‘काळाच्या ओघात’ म्हणतात. काळानं काय केलं हो? यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी टाळलेलं असतं. कुजलेलं टोक कापून तिथं नवं लाकूड सांधता येतं. त्यासाठी कुजायला लागलंय हे वेळेत कळावं लागतं, म्हणजे कुणीतरी शिडी लावून वर चढावं लागतं.

जमत नाही म्हणणाऱ्यांनी गंज पेठेत जाऊन यावं. भिडे वाड्याच्या जागेपासून चालत अर्धा तासही लागत नाही. तिथं जोतीरावांचं राहतं घर आहे, राज्य संरक्षित स्मारक म्हणून राखलेलं. घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तो याच आवारात. तिथं उभं राहिलं की पाणी आणि घराचं दार यांतलं अंतर पावलांत कळतं, आणि तो निर्णय किती घरातला होता हेही. तसंच भिडे वाड्याचं. पोरी कुठल्या दारानं आत यायच्या? जिना किती अरुंद? पाटीवरचं दिसायला उजेड कुठून यायचा? हे त्या भिंतींना आणि चौकटींना विचारायचे प्रश्न होते. नव्या इमारतीत पुतळा बसेल, लाइट अँड साउंड शो होईल. त्यांना हे विचारून काय उपयोग?

आणि त्या दुकानदारांना खलनायक करणं थांबवा. ज्याच्या पोटावर पाय येतो तो कोर्टात जाणारच. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमांनी निदान मालकाचा विचार केला: इमारत राखली तर न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून दुसरीकडे नेण्याची सोय ठेवली. आतल्या भाडेकरूचं काय? आमच्या व्यवसायातले आराखडे मी पाहते. कमानींचे, कोरीव खांबांचे, महिरपींचे पानंच्या पानं फोटो असतात. राहणाऱ्या माणसाला एक ओळ मिळते: ‘वापर – निवासी’. मीही असे अहवाल लिहिलेत.

गेल्या पावसाळ्यात पेठेतल्या एका वाड्यात टेप घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावर एक काका एकटेच राहतात. म्हणाले, “अगं, तुम्ही मोजून गेलात की मागून पाडणारे येतात.” मी हसण्यावारी नेलं. निघताना त्यांनी विचारलं, नकाशाची एक प्रत मिळेल का?

“काका, तुम्हाला कशाला हवी?”

“उद्या माझी खोली केवढी होती, ते कोर्टाला कोण सांगणार?”

दहा बाय साडेअकरा. मी दोन दिवसांनी प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून आकडे तपासले आणि खाली माझी सही घेतली.