यमुनेच्या करारात बर्फाला जागा हवी

२०२५ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतात दोन घटना एकाच महिन्यात घडल्या. पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असे राजधानीच्या राजकीय वर्तुळाला जाणवले नाही. पहिली घटना म्हणजे दिल्ली विधानसभेची निवडणूक. मतदानापूर्वीचा शेवटचा आठवडा यमुनेच्या पाण्याने गाजला. हरियाणा नदीत विष मिसळत असल्याचा आरोप अरविंद केजरीवाल यांनी केला, निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली आणि हरियाणाचे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी यांनी नदीकाठी जाऊन ओंजळभर पाणी ओठांना लावून दाखविले. दुसरी घटना गुलमर्गची. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचा तेथील टप्पा २२ फेब्रुवारीपासून व्हायचा होता. उतारांवर पुरेसा बर्फ नसल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला. औली येथील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा त्याआधीच याच कारणाने लांबणीवर पडल्या होत्या. पहिली बातमी पहिल्या पानावर झळकली, दुसरी क्रीडापानाच्या कोपऱ्यात राहिली.

भूगोलाच्या दृष्टीने एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. गुलमर्गचा बर्फ वितळून झेलमला मिळतो. त्याचा थेंबही दिल्लीला येत नाही. औलीची गोष्ट मात्र वेगळी. तेथील उतारांचे पाणी अलकनंदेतून देवप्रयागला आणि पुढे हरिद्वारला येते. तेथून वरच्या गंगा कालव्याने मुरादनगर आणि मग सोनिया विहारचे जलशुद्धीकरण केंद्र गाठते. मनालीच्या वर सोलंगला ज्या बर्फावर स्कीइंग चालते, तो बियास नदीत उतरतो आणि पंडोहच्या जोडकालव्याने सतलजमध्ये, म्हणजेच भाक्राच्या जलाशयात जातो. भाक्राच्या पाण्यातला दिल्लीचा वाटा हरियाणाच्या कालव्यांतून हैदरपूरला पोहोचतो. यमुनेचा आणि तिच्याहून मोठ्या टोन्सचा उगम बंदरपूंछ परिसरातल्या हिमाच्छादित रांगांत आहे. सारांश, दिल्लीकर ज्या तीन नद्यांवर जगतो, त्या तिन्हींचे उन्हाळी पाणी कमीअधिक प्रमाणात हिवाळ्यातल्या बर्फाचे असते. यमुनेत हा वाटा सतलजइतका मोठा नाही, हे मान्य केले पाहिजे. पण एप्रिल ते जून या काळात, पाऊस येण्यापूर्वी, नदीला दुसरा आधार फारसा नसतो.

बर्फ म्हणजे बिनभिंतीचे धरण. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात डिसेंबर-जानेवारीत ते भरतात आणि उन्हाळा त्याचे दरवाजे हळूहळू उघडतो. झंझावात उशिरा आले किंवा थंडी कमी पडून बर्फाऐवजी पाऊस झाला, तर पाणी त्याच आठवड्यात वाहून जाते. साठा होत नाही. २०२५ मध्ये नेमके तेच दिसले. जानेवारी कोरडा गेला, फेब्रुवारीच्या अखेरीस एकदम प्रचंड हिमवृष्टी झाली. २८ फेब्रुवारीला बद्रीनाथजवळच्या माणा येथे हिमस्खलनात रस्तेबांधणीचे ५४ मजूर सापडले आणि त्यांपैकी आठ जण दगावले. त्याच उशिराच्या बर्फावर गुलमर्गच्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला पार पडल्या आणि आयोजकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मार्चमध्ये पडलेला बर्फ जानेवारीतल्या बर्फाइतका घट्ट बसत नाही; सूर्य चढलेला असतो.

काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय विकासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. २३ वर्षांतील हा नीचांक आणि सलग तिसरे तुटीचे वर्ष. गंगेच्या खोऱ्यातली तूट २४.१ टक्के होती.

संसदेत या विषयावर चर्चाच होत नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ती होते हिमनद्यांवर. सदस्य प्रश्न विचारतात, मंत्री उत्तरादाखल अभ्यास करणाऱ्या संस्थांची यादी वाचतात आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो. हिमनदी दशकांच्या गतीने आटते. मोसमी बर्फाचा निकाल मात्र दरवर्षी लागतो आणि त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये त्याची वसुली होते. या बर्फाला दिल्लीत मायबाप मंत्रालय नाही. स्पर्धा क्रीडा खात्याच्या, हवामान भूविज्ञान खात्याचे, नदी जलशक्ती खात्याची. बर्फाचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणारी संस्था संरक्षण खात्याची आहे. पूर्वी ती हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था म्हणून ओळखली जाई, २०२० मध्ये तिचे विलीनीकरण झाले. तिचे काम सीमेवरच्या जवानांना हिमस्खलनाची सूचना देण्याचे. ते आवश्यकच आहे. पण नळाला किती पाणी येईल, हे सांगणे तिच्या कामात बसत नाही.

आता मूळ मुद्दा. १२ मे १९९४ रोजी वरच्या यमुनेच्या पाणीवाटपाचा करार झाला. भजनलाल, मुलायमसिंह यादव, भैरोसिंह शेखावत, वीरभद्रसिंह आणि मदनलाल खुराणा हे तीन पक्षांचे पाच मुख्यमंत्री एका कागदावर सह्या करतात, हे दृश्य आज स्वप्नवत वाटेल. वर्षाला ११.९८३ अब्ज घनमीटर पाणी वाटले गेले. दिल्लीच्या वाट्याला ०.७२४ आले. हा आकडा फसवा आहे. त्यातले ०.५८० जुलै ते ऑक्टोबरमधले, म्हणजे पुराचे, जे दिल्ली साठवू शकत नाही. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी उरतात ०.०७६. दिवसांवर विभागले तर रोजचे सुमारे १३ कोटी ७० लाख गॅलन होतात. २०२४ मध्ये दिल्लीची रोजची गरज १२९ कोटी गॅलन सांगितली जात होती. गंगा, भाक्रा, भूजल आणि १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा वजिराबाद जलाशय भरलेला ठेवण्याचा आदेश यांच्या टेकूवर ही राजधानी उभी आहे.

करारकर्त्यांना तुटीची कल्पना नव्हती, असे नाही. एखाद्या वर्षी अंदाजापेक्षा पाणी कमी असेल तर आधी दिल्लीच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा द्यावा आणि उरलेले इतरांनी प्रमाणात वाटून घ्यावे, असे कलम त्यात आहे. मात्र वर्ष तुटीचे आहे हे कोणी, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे जाहीर करायचे, याविषयी करार मुका आहे. त्यामुळे जाहीर करण्याचे काम जूनमध्ये वृत्तवाहिन्या करतात. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलला १३७ क्यूसेक अतिरिक्त पाणी सोडण्यास सांगितले. आठवड्याभरात हिमाचलने आपल्याकडे तेवढे अतिरिक्त पाणी नाही, असे सांगून आधीचे निवेदन मागे घेतले. प्रकरण यमुना मंडळाकडे गेले आणि दिल्लीच्या जलमंत्री आतिशी उपोषणाला बसल्या. पाणी आहे की नाही, हे धरणाच्या मोजपट्टीऐवजी प्रतिज्ञापत्रावरून ठरविण्याची ही पद्धत. पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये भाक्राच्या पाण्यावरून पंजाब-हरियाणा भिडले. हरियाणाला ८,५०० क्यूसेक द्यायचे की ४,०००, या वादात नांगल धरणावर पंजाबचे पोलीस तैनात झाले.

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचा दाखला दिल्लीतील मराठी माणूस संधी मिळेल तेथे देतो. या बाबतीत सह्याद्रीकडे देण्यासारखे खरोखर काही आहे, ते म्हणजे एक तारीख. गोदावरी खोऱ्यात मेंढेगिरी अभ्यासगटाच्या २०१३ च्या अहवालानंतर १५ ऑक्टोबरचा पाणीसाठा प्रमाण मानला जातो; जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे तक्त्यानुसार ठरते. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातले भांडण त्यामुळे संपले, असा दावा कोणी करणार नाही. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याच्या आदेशावरून काय रणकंदन झाले, ते आठवते. पण भांडण निदान मोजलेल्या आकड्यावर झाले आणि पाणी सुटले. कॅलिफोर्नियात हीच भूमिका १ एप्रिलच्या बर्फमोजणीची आहे. २०१५ मध्ये त्या दिवशी गव्हर्नर जेरी ब्राऊन फिलिप्स येथील मोजणीच्या जागी उभे राहिले तेव्हा पायाखाली गवत होते. तेथूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीची घोषणा केली. उन्हाळा सुरू व्हायला तेव्हा दोन महिने होते.

लखवार, रेणुका आणि किशाऊ ही धरणे झाली की प्रश्न सुटेल, असे जलशक्ती खात्याचे जुने उत्तर आहे. लखवारला पहिली मंजुरी १९७६ ची. १९९२ मध्ये काम थांबले. नितीन गडकरी जलसंसाधन मंत्री असताना २०१८ मध्ये लखवारचा आणि २०१९ च्या जानेवारीत रेणुकाचा करार त्यांनी राज्यांकडून करून घेतला, हे श्रेय त्यांचेच. तिन्हींपैकी एकही धरण अद्याप पूर्ण झालेले नाही. आणि धरण पावसाळ्याचे पाणी अडवील, न पडलेला बर्फ ते कसे अडविणार? दुसरे उत्तर हरियाणाचे: दिल्लीने आधी आपली गळती थांबवावी. या उत्तराला दिल्लीकडे प्रत्युत्तर नाही. निम्म्याहून अधिक पाण्याचा हिशेब लागत नाही, हे न्यायालयातच उघड झाले आहे.

१९९४ च्या करारात २०२५ नंतर कोणत्याही खोरे-राज्याने मागणी केल्यास वाटपाचा फेरविचार करता येईल, अशी तरतूद आहे. ती मुदत आता उलटली आहे. दिल्लीने फेरविचार मागावा, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मला तो धोक्याचा वाटतो. वाटपाची पोतडी एकदा उघडली की पिण्याच्या पाण्याच्या अग्रहक्काचे कलम तसेच राहील, याची हमी कोण देणार? १९९४ मध्ये दिल्लीचा वाटा मान्य करणाऱ्या राज्यांची शहरेही आज तहानलेली आहेत. गुरुग्राम त्याच कालव्यांवर आहे. आकड्यांना हात न लावता एक जोडपत्र मागणे अधिक शहाणपणाचे. दरवर्षी मार्चअखेर यमुना, टोन्स आणि गिरीच्या पाणलोटातला बर्फ मोजावा, यमुना मंडळाने १५ एप्रिलपूर्वी वर्ष भरतीचे की तुटीचे हे जाहीर करावे आणि तुटीचे असल्यास अग्रहक्काचे कलम त्या दिवसापासून आपोआप लागू व्हावे. यासाठी संसदेच्या कायद्याची गरज नाही. केंद्रीय मंत्री अध्यक्ष आणि मुख्यमंत्री सदस्य असलेली यमुना आढावा समिती अस्तित्वात आहे. तिची एक बैठक आणि तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय, इतकेच लागेल.