न झालेल्या स्फोटाचं बक्षीस

जालन्याची सळई राज्यभरातल्या बांधकामांवर जाते. ती ज्या भंगारातून तयार होते, ते भट्टीत पडण्याआधी निवडायला माणसं असतात. तोंड बंद असलेला पाइप, दाबून चपटा केलेला डबा, जुना सिलिंडर, पावसात भिजलेला गठ्ठा. यातलं काहीही नजरेतून निसटून वितळलेल्या लोखंडात गेलं, तर आत अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि सुमारे 1600 अंशांचा रस भट्टीच्या तोंडातून उसळतो. निवडणाऱ्यानं तो सिलिंडर वेळीच बाजूला ओढला, तर त्या पाळीत काहीच घडत नाही. काही घडलं नाही म्हणून कुठे नोंदही होत नाही.

कामगारांच्या कौतुकाचा विषय या सदरात घ्यायचा, तर तो या माणसापासूनच घ्यायला हवा. जिथे इनाम फक्त टनांवर ठरतं, तिथे भंगार पुन्हा उलटून पाहणारा कामगार खोळंबा करणारा ठरतो. भट्टीवरच्यांना घाई असते, कारण त्यांचा भत्ता उत्पादनावर असतो. म्हणजे जो सगळ्यांचा जीव सांभाळतो, त्याच्यावरच सोबतचे चिडतात. यात दोष त्या सोबत्यांचा नाही, इनामाच्या हिशेबाचा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या एमआयडीसीत एका पोलाद कारखान्यात भट्टीवर स्फोट झाला आणि अनेक कामगार भाजले. त्या दिवसांत सुरक्षेवर सगळेच बोलले. जी संकटं कुणीतरी टाळली, त्यांच्याबद्दल मात्र एरवी कुणी बोलत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मात्र कौतुक दिसतं: नवीन जालन्यातल्या मिठाईच्या दुकानांत कारखान्यांच्या ऑर्डरींचे डबे रचले जातात. डबा द्यावा, आनंदानं द्यावा. पण बोनसचं पाकीट बक्षीस म्हणून हातात ठेवू नये. 1924 च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगारांनी बंद झालेल्या बोनससाठी मोठा संप केला, तेव्हा बोनसवर कामगारांचा हक्कच नाही असा निवाडा सरकारी समितीनं दिला होता. तो हक्क कायद्यात यायला 1965 साल उजाडलं. आता तो कायदा वेतन संहितेत सामावला असला, तरी किमान 8.33 टक्क्यांचा दर कायम आहे. वर्षात 30 दिवस काम केलेला पात्र कामगार ठेक्यावरचा असला, तरी बोनस त्याला मिळायलाच हवा. देणं फेडणं वेगळं आणि कौतुक करणं वेगळं.

कौतुकाची सरकारी वाटही आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार अनेकांनी अभिमानानं स्वीकारला आहे. पण ज्याचं नाव ठेकेदाराच्या हजेरीवर आहे, जो बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आला आहे आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या मिलमध्ये असेल, त्याचा अर्ज कोण भरणार?

म्हणून जालन्याच्या उद्योजकांकडे माझी एक सरळ मागणी आहे. भंगाराच्या यार्डात एक वही ठेवा. कुणी, कोणत्या पाळीत, काय बाहेर काढलं, हे त्यात नावानिशी लिहा. मग तो कायम असो की ठेक्यावरचा. त्या कामाच्या बक्षिसाचे पैसे ठेकेदाराच्या हातून न देता थेट त्याच्या खात्यात जमा करा, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर, त्याला कळेल त्या भाषेत, त्यानं काय वाचवलं ते सांगा. टनावरच्या भत्त्यात निवडणाऱ्यांचाही वाटा धरा, आणि धोका दिसला म्हणून भट्टी थांबली, तर त्या वेळेचा भत्ता कुणाचाच कापू नका. ठेकेदार बदलला तरी वही कारखान्याचीच राहिली पाहिजे. तोच कामगार पुढच्या वर्षी नव्या ठेकेदाराकडून आला, तर त्याची आधीची नोंद फाटकावरच्या माणसाला दाखवता आली पाहिजे.