तिच्या शब्दाला वजन हवं



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. बाई त्यात मरू शकते, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या दुष्काळी गावांनी हे गृहीत खोडायला घेतलं.

१९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी गावांत शिकलेल्या नर्स नेमून पाहिल्या. पण परक्या बाईचं गाव ऐकेना. मग गावातलीच बाई गावाने निवडायची असं ठरलं. यातल्या बहुतेकजणी निरक्षर, कितीतरी दलित. दर आठवड्याला जामखेडला जायचं, शिकायचं, एकमेकींचे अनुभव ऐकायचे आणि परतून गावातल्या बायांना सांगायचं.

या कामात शिकावं लागतं ते असं: पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघायचं. चेहऱ्यावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी म्हणजे झटके येण्याचा धोका. मूल आडवं असेल किंवा आधीचं बाळंतपण पोट फाडून झालं असेल, तर घरी थांबायचं नाही. वार पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर दोन तासांतही जीव जातो.

पण लक्षण ओळखून भागत नाही. सासू म्हणते, ‘आमच्या वेळी कुठं होता दवाखाना?’ गाडीभाड्याचे पैसे नवऱ्याच्या खिशात. अशा वेळी आरोग्यसेविकेच्या शब्दाला वजन लागतं. जामखेडला तिच्या पाठीशी महिला मंडळ होतं, शेतकरी मंडळ होतं आणि तिने पाठवलेल्या बाईवर उपचार करणारं रुग्णालय होतं. माझ्या मते प्रशिक्षणाचा निम्मा भाग हाच.

२००५ मध्ये सरकारने ‘आशा’ योजना आणली. २०१८-२०च्या पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही सरकारदरबारी त्या मानद स्वयंसेविकाच. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. जिच्या कामाची किंमत सरकारच करत नाही, तिचं घरातली माणसं मध्यरात्री का ऐकतील?

म्हणून पुढच्या बैठकीला तुमच्या गावातल्या आशाताईंना बोलवा. त्यांना विचारा: नोंदी भरण्यापलीकडे शेवटचं काय शिकवलं गेलं? रात्री गरोदर बाईबरोबर निघताना तुमच्यासोबत कोण असतं? दवाखान्यात तुमचं म्हणणं ऐकून घेतात का? गावात दिवस भरत आलेली बाई असेल, तर गाडी कोणाची आणि पैसे कोणाकडे, हे त्याच बैठकीत ठरवा. मोबदल्यासाठी आशा मोर्चा काढतील, तेव्हा आपलं मंडळही त्यात असू द्या.