जिवंत भिंत की हिरवे कलेवर?

कलेच्या नावाखाली जे अनेक प्रकार सध्या सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत शिरत आहेत, त्यांत शेवाळाच्या ‘जिवंत भिंती’स मोठा मान मिळू लागला आहे. चौकटीत हिरवे पुंजके बसवावयाचे, त्यांतून डोंगर, नदी अथवा गृहस्वामीचे आद्याक्षर साकारावयाचे, आणि निसर्गास घरी आणिले ह्या समाधानात आरामखुर्चीवर रेलावयाचे, असा हा थाट आहे. विकणारा वर अभिमानाने सांगतो की, ह्यास पाणी नको, ऊन नको, माळी नको. जे पाणी मागत नाही व वाढतही नाही, त्यास जिवंत म्हणण्याची चाल आपल्या भाषेत आजवर तरी नव्हती.

वस्तुस्थिती अशी की, अशा चौकटींतील शेवाळ मेलेले असते. ते उपटून आणतात, त्यातील पाण्याच्या जागी ग्लिसरीन मुरवितात व वर रंग चढवितात. म्हणून ते मऊ आणि हिरवे राहते. त्यातही ज्याचा ‘रेनडिअर शेवाळ’ म्हणून गौरव होतो, ते तर शेवाळच नव्हे. बुरशी व शैवल ह्यांच्या सहवासातून घडलेला तो निराळाच जीव असून, आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचा तो दूरचा आप्त होय. नॉर्वे, फिनलंड ह्या देशांच्या रानांतून तो गोळा केला जातो. वर्षास तो काही मिलिमीटरच वाढतो, आणि हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर त्यावरच गुजराण करितात. अर्थात चार बोटे उंचीचा गुच्छ ही त्या भूमीची कित्येक वर्षांची कमाई असते.

ह्यावर कोणी म्हणेल की, शहरातील कोंदट बिऱ्हाडात डोळ्यांस थोडा गारवा मिळाला तर तुमचे काय बिघडले? काहीच नाही. वाळलेली फुले पुस्तकात जपणारांशी कोणी भांडत नाही. कारण ती वाळलेली आहेत हे ते लपवीत नाहीत. आमचे भांडण शोभेशी नसून ‘जिवंत’ ह्या विशेषणाशी आहे.

दुसरा पक्ष खऱ्या शेवाळाचा. ताकात शेवाळ घुसळून तो लेप भिंतीस फासावा, म्हणजे चित्र उगवते, अशी एक कृती फार लोकप्रिय आहे. तीत बहुधा उगवते ती बुरशी, व सुटते ती दुर्गंधी! शेवाळास दुधाताकाची गरज नाही. त्यास खरी मुळे नसतात. पाणी व क्षार ते आपल्या इवल्या पानांनीच शोषून घेते. त्यास हवी सावली, ओल आणि निवांतपणा. ह्या तिन्ही गोष्टी बाटलीत मिळत नाहीत.

क्योतो येथील साईहोजी मठाची बाग ह्याची साक्ष देईल. मुसो सोसेकी ह्या झेन आचार्यांनी 1339 साली तिची पुनर्रचना केली, तेव्हा शेवाळ त्यांच्या योजनेत नव्हते. ते मागाहून, दमट हवेच्या आश्रयाने, आपण होऊन पसरले. आज तेथे सुमारे 120 जातींचे शेवाळ आहे, आणि त्याच्या रक्षणार्थ 1977 पासून पूर्वपरवानगीवाचून प्रवेश नाही. माणसाने तेथे केले ते इतकेच की, पडलेली पाने हलक्या हाताने झाडली व आपले पाय आवरले.

क्योतोस जाणे सर्वांस साधणार नाही. पण कोकणात तर त्याचीही आवश्यकता नाही. मृगाच्या सरी कोसळल्या की जांभ्याच्या गडग्यांवर हिरवी मखमल चढते. वैशाखात ती करपल्यासारखी दिसते, आणि पहिल्या पावसात पुन्हा टवटवीत होते. हे चित्र फुकट मिळते, म्हणूनच की काय, आपण ते तारेच्या ब्रशाने खरवडतो, वर रंग फासतो, आणि परदेशी कलेवर पैसे मोजून आत टांगतो! राहत्या घराच्या भिंतीत ओल मुरू नये ही काळजी रास्तच आहे. परंतु कुंपणाचा गडगा, विहिरीचा कठडा, परसातील दगडी पायरी ह्यांनी काय अपराध केला आहे?

तेव्हा आमचे मागणे दोनच आहे. विक्रेत्याने आपल्या मालावर ‘मृत, रंगविलेले’ असे स्पष्ट लिहावे, व ते कोणत्या रानातून आले हे सांगावे. आणि ज्यांस जिवंत भिंत खरोखरच हवी असेल, त्यांनी येत्या पावसाळ्यात आपला गडगा तेवढा खरवडू नये.