पाहुणे किती, पाणी किती?

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख भरली. २०२४ साली पर्यटक आले एक कोटीच्या वर! हा आकडा मोठ्या अभिमानाने जाहीर होतो. आम्ही कारकून माणसे, जमेबरोबर खर्चाची बाजूही बघायची सवय. तिथे पहिले नाव पाण्याचे. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात गोडे पाणी वाळूत, फार खोल नाही. हॉटेलांच्या बोअरवेलनी ते उपसले की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. मग टँकर. आणि टँकर भरतो कुठे? आतल्या गावातल्या विहिरीवर, जिथे पर्यटक फिरकतही नाही. त्या गावाच्या वाट्याला यातले काय येते?

पर्यटनाने घरे चालतात, मान्य. बंद करा, असे कोणी म्हणत नाही. फिलिपिन्सने मात्र २०१८मध्ये बोराकाय बेट सहा महिने बंदच ठेवले, सांडपाणी समुद्रात जात होते म्हणून. उघडताना पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घातली. आपल्यावर ती पाळी यायला नको असेल, तर परवान्याच्या कागदावर खोल्यांबरोबर पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, हेही लिहून घ्या. दरवर्षी मोजा. आणि पर्यटकांच्या आकड्याशेजारीच छापा.