मोडेम बिघडलेला नव्हताच!

दोस्तांनो, संगणकाला जोडलेलं एखादं यंत्र चालेना, की मोठी माणसं लगेच म्हणतात, "गेलं! आता नवीन घ्या." आज असाच एक ‘गेलेला’ मोडेम पाहू या.

गोष्ट १९९७ सालची. तेव्हा घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडावा लागे. संगणकाची भाषा आकड्यांची आणि तारेवरून जाणार आवाज! या दोघांमधला दुभाषा म्हणजे मोडेम. आमच्या संगणकावर लिनक्स होतं, म्हणजे युनिक्सच्या वळणाचंच. मोडेमचं कार्ड बसवलं, मिनिकॉम हा प्रोग्राम उघडला आणि टाईप केलं, ‘एटी’. ही मोडेमला मारलेली हाक. त्याने ‘ओके’ म्हणून ओ द्यायची. आमचा मात्र ढिम्म! दुकानदार म्हणाले, "पीस खराब आहे." बाबांचे एवढे पैसे पाण्यात गेले म्हणून मी अगदी रडवेला झालो.

तेवढ्यात सहज हात लागून माऊस हलला आणि पडद्यावर ‘ओके’ उमटलं! पुन्हा ‘एटी’, पुन्हा शांतता. माऊस हलवला, की ‘ओके’ हजर. आता सांगा बरं, मेलेला मोडेम उत्तर कसा देईल?

त्याचं असं होतं. त्या काळच्या संगणकात कॉम १ ते कॉम ४ अशी चार सिरियल पोर्ट असू शकत. अक्षर आलं, की पोर्ट प्रोसेसरला घंटी वाजवून बोलावतं. या घंटीला म्हणतात ‘इंटरप्ट’. पण कॉम १ आणि कॉम ३ यांची नेहमीची घंटी एकच, क्रमांक ४. (कॉम २ आणि कॉम ४ यांची ३.) आमचा माऊस होता कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर! चाळीतल्या दोन खोल्यांना एकच बेल, तसला प्रकार. माऊसच्या पोर्टने तार अडवून धरलेली, त्यामुळे मोडेमची घंटी पोचतच नव्हती. माऊसची वाजली, की लिनक्स दोन्ही दारं तपासायचं आणि मोडेमचा अडकलेला निरोपही उचलायचं.

मग मी ‘सेटसिरियल’ या आज्ञेने मोडेमला ५ क्रमांकाची घंटी दिली. लिनक्स शून्यापासून मोजतं, म्हणून तिथे कॉम ३ चं नाव टीटीवायएस२. काहीच फरक पडला नाही! कारण ही आज्ञा फक्त लिनक्सला माहिती देते, कार्ड बदलत नाही. पोस्टमनला नवा पत्ता सांगितला म्हणून घर थोडंच हलतं? शेवटी संगणक बंद करून कार्डावरची जंपरची इवलीशी टोपी काढली आणि ५ वर बसवली. (५ वर बऱ्याचदा साऊंड कार्ड असे. आमच्याकडे ते नव्हतंच!) ‘एटी’ म्हणताक्षणी ‘ओके’!

आता ते मोडेम घरांतून गेले, पण सिरियल पोर्ट तुमच्यातल्या कित्येकांच्या टेबलावर आहे, बरं का. आर्डुइनोचा बोर्ड यूएसबीने जोडलात, की लिनक्सवर तो टीटीवायएसीएम० किंवा टीटीवाययूएसबी० या नावाने दिसतो. पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं आली, तर आधी वेग पाहा. बोर्ड ११५२०० ने बोलतोय आणि तुम्ही ९६०० ने ऐकताय, असं असेल. आणि ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, तर तुमचं नाव त्या पोर्टच्या गटात घालून घ्या. उबुंटूवर त्या गटाचं नाव आहे ‘डायलआउट’. म्हणजे मोडेमने नंबर फिरवायचा त्या दिवसांचंच!