पाटे वाढले, बळ वाढले नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळा भागातून कापूस व संत्री पिकअप गाड्यांतून बाजारास जातात. मागील कमानींत जादा पाटे घातले की अधिक भार नेता येतो, हा समज घातक होय. जू जाड केल्याने बैलाचे बळ वाढत नाही. जादा पाट्यांनी गाडी मागे दबत नाही इतकेच. ब्रेक, टायर व अ‍ॅक्सल पूर्वीच्याच शक्तीचे राहतात. भार थोडा असता ताठ कमानीचे हादरे फळांस बसतात. नोंदणीपत्रातील वजनमर्यादाही वाढत नाही; मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. झिजलेले पाटे अवश्य बदलावेत, परंतु मूळ मापाचेच. माल अधिक असल्यास दुसरी खेप करावी. तिचे भाडे जीवितापेक्षा महाग नाही, हे ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पटवून द्यावे.